बहुपदींचा भागाकार : रीत ओळखीचीच, जागा मात्र राखायला हव्यात

बीजगणितातील बहुपदींचा भागाकार अनेक विद्यार्थ्यांना अवघड वाटतो. वस्तुतः प्राथमिक शाळेत शिकलेल्या संख्यांच्या भागाकाराचीच ही रीत होय. भाग लावणे, गुणणे, वजा करणे आणि पुढचे पद खाली घेणे, या चारच पायऱ्या येथेही आहेत.

पूर्वतयारी : भाज्य आणि भाजक घातांकांच्या उतरत्या क्रमाने लिहावेत. मधले एखादे पद नसल्यास तेथे शून्य सहगुणक मांडावा. ३०७ मधील शून्य गाळले तर ३७ उरतात. बहुपदीतही जागा न राखल्यास असाच घोटाळा होतो.

उदाहरण : 'क्षघन – ७क्ष + ९' या बहुपदीला 'क्ष – २' ने भागायचे आहे. येथे क्षवर्गाचे पद नाही, म्हणून '०क्षवर्ग' लिहावे.

१) क्षघनाला क्षने भागल्यास क्षवर्ग येतो. त्याने भाजकाला गुणून येणारा 'क्षघन – २क्षवर्ग' वजा केल्यावर '२क्षवर्ग – ७क्ष' उरते.

२) आता २क्षचा भाग लावावा. '२क्षवर्ग – ४क्ष' वजा केल्यावर '–३क्ष + ९' उरते.

३) शेवटी –३ चा भाग लावून '–३क्ष + ६' वजा करावे. बाकी ३ उरते. बाकीची कोटी भाजकाच्या कोटीहून लहान झाली, म्हणून भागाकार येथे थांबतो.

भागाकार 'क्षवर्ग + २क्ष – ३' आणि बाकी ३ आली. बहुतेक चुका वजाबाकीत होतात. वजा करताना खालच्या ओळीतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलावे, केवळ पहिल्याचे नव्हे.

पडताळा : शेषसिद्धांतानुसार भाज्यात क्षऐवजी २ ठेवल्यास बाकी मिळते : ८ – १४ + ९ = ३. क्षची किंमत १० घेतल्यास हेच उदाहरण ९३९ भागिले ८ असे होते; भागाकार ११७, बाकी ३. दोन्ही रीतींचे नाते येथे स्पष्ट दिसते.

उपयोग : बाकी शून्य आल्यास भाजक हा भाज्याचा अवयव ठरतो, त्यामुळे मोठ्या घाताची समीकरणे सोडविणे सुलभ होते. संगणकाच्या जाळ्यातही हाच भागाकार चालतो. इथरनेटवरून जाणारी माहिती ० आणि १ सहगुणकांची बहुपदी मानून ठरलेल्या बहुपदीने भागतात व ३२ बिटांची बाकी सोबत पाठवितात. पलीकडे हिशेब जुळला नाही, तर माहिती वाटेत बिघडल्याचे कळते.