चिंचोक्याची खळ, दहा राजे आणि एक हरवत चाललेला डाव : सावंतवाडीचा गंजिफा

२०१७ साली शिकागोच्या ‘ट्रिंकेट स्टुडिओज’ या छोट्या स्वतंत्र संस्थेने ‘बॅटल शेफ ब्रिगेड’ नावाचा व्हिडिओ गेम आणला. आधी अक्राळविक्राळ प्राण्यांशी लढून शिधा मिळवायचा, मग भांड्यात रंगीत खडे कोड्यासारखे जुळवून पदार्थ रांधायचा. युद्ध, कोडे आणि स्वयंपाकघर यांचा हा मेळ जगाला नवलाचा वाटला.

सिंधुदुर्गाच्या इतिहासात मात्र असा एक मेळ आधीच घडून गेला होता. त्याला पडदा नव्हता, वीज नव्हती. होती ती १२० गोल पाने. धागा थोडा लांब आहे. पानेही काही थोडी नाहीत.

या खेळाचे नाव गंजिफा. शब्द फारसीतून आलेला. हिंदुस्थानातील त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो : १५२७ साली त्याने सिंधमधील शाह हसनला, त्याच्याच मागणीवरून, गंजिफाची पाने पाठवली. पुढे अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या दरबारातील पत्त्यांचे सविस्तर वर्णन केले. राजा, वजीर, तलवार, नाणी, गुलाम अशी सगळी राज्यव्यवस्थाच त्या पानांवर उतरली होती.

मोगली संचात आठ रंग आणि ९६ पाने. मराठी मुलखात या संचाला ‘चंगकांचन’ असे लयदार नाव मिळाले. पण खेळ दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सरकला तसे त्याचे राजे बदलले. वजीर आणि गुलाम यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. एकूण १२०. हाच दशावतारी गंजिफा. म्हैसूरचे मुम्मडी कृष्णराज वोडेयर तर याहून पुढे गेले. त्यांनी ३६० पानांपर्यंतचे संच रचले. एवढी पाने हातात धरणार कोण, हा प्रश्न त्यांना पडला नसावा.

सावंतवाडीत हा खेळ कसा पोहोचला? परंपरा असे सांगते की, तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या दरबारी धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातून आलेल्या ब्राह्मणांनी तो आणला. राजाला खेळ आवडला आणि पाने रंगवण्याचे काम गावातील चितारी कुटुंबांकडे आले. लाकडी खेळणी आणि लाखकाम करणारे हे कसबी लोक. शहरातील चितार आळी आजही त्यांचेच नाव सांगते.

तळकोकणाला दहा अवतारांची ओळख करून देण्याची गरजच नव्हती. जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतारी नाटक उभे राही. मंचावर जे राजे आणि राक्षस पहाटेपर्यंत झुंजत, त्या कथाविश्वातील दैवते दुपारच्या डावात हातात येत. हा योगायोग खेळाच्या लोकप्रियतेला पोषक ठरला असावा.

आता स्वयंपाकघराकडे वळू. जुने पान म्हणजे कापडाचा थर. चिंचोके दळून त्यांची खळ तयार करायची, ती कापडावर चढवायची, वर खडूचा पांढरा लेप द्यायचा, वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घासायचे, गोल कापायचे, मग कुंचल्याने एकेक राजा रंगवायचा आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. कोकणातल्या घरात चिंच आमटीत जाई आणि तिचा चिंचोका अशा रीतीने दरबारात पोहोचे. श्रीमंतांसाठी नक्षीदार किनारीची ‘दरबारी’ पाने, सामान्यांसाठी साधी ‘बाजारी’.

युद्ध आणि कोडे मात्र खेळण्यात होते. गंजिफात हुकमाचा रंग नसतो. एका रंगाचे पान दुसऱ्या रंगाला मारू शकत नाही. राजा सर्वांत वरचा, त्याखाली प्रधान. त्यानंतर गंमत सुरू होते. निम्म्या रंगांत दश्शी बलवान आणि एक्का दुबळा. उरलेल्या निम्म्या रंगांत सारे उलटे, एक्का प्रधानाच्या पाठोपाठ आणि दश्शी तळाला. तिघांत डाव वाटला तर प्रत्येकाच्या हाती ४० पाने. त्यात कोणत्या रंगाचे कोणते पान पडून गेले हे डोक्यात ठेवायचे, कारण वरची पाने निघून गेली की क्षुल्लक वाटणारी पंजीसुद्धा त्या रंगाची धनीण होते. कागद-पेन्सिल नाही, नुसती स्मृती. आजच्या कोड्यांच्या खेळांनी हेवा करावा अशी ही रचना आहे.

आणखी एक नियम फार सुंदर आहे. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याने सुरुवात करायची. रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, त्याने. रामाचा जन्म भर दुपारचा, कृष्णाचा मध्यरात्रीचा. मोगली संचातही दिवसा सूर्याच्या आणि रात्री चंद्राच्या रंगाने आरंभ होई. देव बदलले, घड्याळ तेच राहिले.

मग छापील पत्ते आले. चौकोनी, स्वस्त, ५२ पानांचे. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट ही चार नावे शिकली की झाले. १२० पाने हाताने रंगवणारा चितारी यंत्राशी किमतीत कसा टिकणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला जाणणारे जवळजवळ उरलेच नव्हते. वृद्ध पुंडलिक चितारी हे त्या परंपरेचे अखेरचे जाणकार.

इथे संस्थानचे शेवटचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी पुढे झाले. त्यांनी पुंडलिक चितारींकडून ही विद्या उतरवून घेतली. राणीसाहेबांनी स्वतः कुंचला हाती धरला. राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभे राहिले आणि तरुण कारागीर शिकू लागले. मुंबईत स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी याच काळात भारतभरचे गंजिफा संच जमवून त्यांचा अभ्यास केला. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही लाभले.

कला वाचली, हे निःसंशय. खेळाचे काय? वरच्या परिच्छेदांतले नियम तोंडपाठ असणारी आणि डाव मांडून बसणारी माणसे आज विरळा. प्रवासी राजवाड्यात येतात, दरबार हॉलमध्ये कारागिरांना रंगवताना पाहतात, आणि बहुतेकदा पाने विकत घेतात ती भिंतीसाठी. चौकटीत दहा अवतारांचे दहा राजे बसवले की दिवाणखाना सजतो. दहा प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची शंभर पाने यांना त्या चौकटीत जागा नसते, आणि डाव तर त्यांच्याच जोरावर रंगत असे.