मक्यातली अळी लष्करी की पाने खाणारी? शेपटीकडचे चार ठिपके बघा

तेलगाव (ता. धारूर) : मक्याच्या पोंग्यात किंवा सोयाबीनच्या पानावर अळी दिसली की शेतकरी फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि खाली दहा जणांची दहा उत्तरे येतात. कुणी लष्करी म्हणतो, कुणी घाटेअळी. नाव चुकले की औषधही चुकते आणि फवारणीचा खर्च मातीत जातो.

घोळ सगळ्यात जास्त होतो तो अमेरिकन लष्करी अळी आणि तंबाखूची पाने खाणारी अळी या दोघींत. दोघी एकाच कुळातल्या, शास्त्रीय भाषेत दोघींचेही आडनाव स्पोडोप्टेरा. दुसरी आपल्याकडे जुनीच आहे. पहिली मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर ती सापडली.

ओळखायची पक्की खूण शेपटीकडे असते. अमेरिकन लष्करी अळीच्या शेवटून दुसऱ्या वळ्यावर चार ठळक काळे ठिपके चौकोनात बसवल्यासारखे दिसतात, चारपाईच्या चार पायांसारखे. बाकीच्या वळ्यांवरही चार ठिपके असतात, पण तिथे पुढचे दोन जवळजवळ आणि मागचे दोन लांब असतात. डोक्यावर फिकट रंगाचा उलटा इंग्रजी ‘वाय’ असतो. बरेच जण एवढेच बघून निकाल देतात, ते बरोबर नाही. तशी रेघ दुसऱ्या अळ्यांच्या डोक्यावरही कमीजास्त दिसते. म्हणून वाय आणि चौकोन दोन्ही बघावेत.

पाने खाणाऱ्या अळीला असा चौकोन नसतो. तिचे अंग मखमली असते, बाजूने पिवळसर रेघा जातात आणि पुढच्या पायांच्या तीन जोड्या संपल्या की लगेच मागे दोन्ही बाजूंना एकेक मोठा काळा डाग असतो. रंगावर मात्र जाऊ नये. हिरवट, तपकिरी, काळपट अशा सगळ्या रंगांत दोघी सापडतात. अळी अर्ध्या इंचापेक्षा लहान असेल तर खुणा नीट उमटलेल्या नसतात, तेव्हा मोठी अळी शोधावी. फोटो काढताना अळी पांढऱ्या कागदावर ठेवून शेपटीकडून झूम करावा. नुसत्या पोंग्याचा फोटो पाठवून काही कळत नाही.

पीकही थोडे सांगते. मका हे लष्करीचे आवडते पीक, पण ज्वारीवर आणि उसावरही ती जाते, त्यामुळे तेलगाव भागातल्या ऊसवाल्यांनीही तिची खूण माहीत करून घ्यावी. पोंग्यात भुश्शासारखी ओली विष्ठा आणि उघडलेल्या पानावर ओळीने भोके ही तिची चाल. पाने खाणारी अळी सोयाबीन, कापूस, भुईमूग, एरंडीवर जास्त. तिची पिल्ले पानाच्या खाली घोळक्याने राहून हिरवा भाग खरवडतात, पान जाळीसारखे होते. मोठी अळी दिवसा मातीच्या भेगांत लपते, म्हणून दुपारी शेतात जाऊन ‘अळी नाही’ म्हणणारे फसतात.

घाटेअळी या दोघींपेक्षा वेगळी. तिचे अंग खरबरीत असते आणि मक्यात ती बहुधा कणसात सापडते. ज्वारीवरच्या जुन्या लष्करी अळीच्या अंगावर लांब पट्टे असतात, पण चौकोनी ठिपके नसतात.

हा फरक कामगंध सापळ्यात लगेच पैशावर येतो. प्रत्येक पतंगाची ल्युअर वेगळी असते. पाने खाणाऱ्या अळीची ल्युअर मक्यात लावून सापळा रिकामा राहिला, म्हणून लष्करी नाही असे समजू नये. दुकानात ‘स्पोडोप्टेराची ल्युअर द्या’ एवढे सांगून भागत नाही, कोणत्या अळीची ते सांगावे लागते. विषाणूजन्य औषधांचेही तसेच. घाटेअळीचा एचएएनपीव्ही या दोघींवर चालत नाही.

खात्री होत नसेल तर जिवंत अळी पानासकट भोके पाडलेल्या डबीत घालून सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा अंबाजोगाई, खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. एका डबीत दोन लष्करी अळ्या ठेवू नयेत, एक दुसरीला खाऊन टाकते.