इंग्रजी संयुक्त क्रियापदांतील विशेषणाचे स्थान : एक ऐतिहासिक विचार

इ. स. १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युएल जॉन्सन याने इंग्रजी क्रियापदांच्या एका वर्गाकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. क्रियापदापुढे एखादा लहानसा शब्द येऊन मूळ अर्थ पालटतो, अशी ही क्रियापदे परकीयांस बहुधा सर्वांत अवघड जातात, असे त्याचे मत होते. ‘ब्रेक ऑफ’, ‘बेअर आउट’, ‘गिव्ह ओव्हर’ ही त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी काही होत. त्या उदाहरणांत विशेषण मात्र एकही नाही. ‘कट शॉर्ट’, ‘ब्रेक लूज’, ‘सेट फ्री’, ‘मेक गुड’ हे प्रयोग त्याच जातीचे दिसत असूनही ते या वर्गाबाहेर का राहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम इतिहास पाहू. प्राचीन इंग्रजीत क्रियेच्या अर्थात फेरफार करण्याचे काम बव्हंशी उपसर्ग करीत. पुढे हे उपसर्ग क्षीण झाले आणि त्यांचे कार्य क्रियापदानंतर येणाऱ्या सुट्या अव्ययांकडे गेले. इ. स. ११५४ पर्यंतच्या घटना नोंदविणाऱ्या पीटरबरो बखरीच्या अखेरच्या भागात, क्रियेची परिपूर्ती दाखविणारा ‘अप’ हा शब्द आढळतो, असे अभ्यासक दाखवितात. या स्थित्यंतरात स्कँडिनेव्हियन भाषांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

याच काळात दुसरा एक बदल घडत होता, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. प्राचीन इंग्रजीत विशेषणास लिंग, वचन व विभक्ती यांचे प्रत्यय लागत. म्हणून ते वाक्यात कोठेही आले तरी ओळखू येई. मध्ययुगाच्या अखेरीस हे प्रत्यय लोपले. अंत्य स्वर गळून पडल्याने ‘हार्ड’, ‘फास्ट’ यांसारखी विशेषणे व तज्जन्य क्रियाविशेषणे रूपाने एकच झाली. अशा स्थितीत ‘शॉर्ट’, ‘लूज’, ‘ओपन’ हे आखूड, अविकारी शब्द ‘ऑफ’ आणि ‘अप’ यांच्या पंक्तीस सहज बसू शकले, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

या अनुमानास वाक्यरचनेचा आधार आहे. ‘टेक ऑफ’ या क्रियापदाचे कर्म नाम असेल तर ते अव्ययाच्या आधी किंवा नंतर येते. सर्वनाम असेल तर मध्येच यावे लागते. ‘कट शॉर्ट’चे वर्तन नेमके असेच आहे. इ. स. १६११ च्या बायबल-भाषांतरात, रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात, हा प्रयोग सर्वनाम मध्ये घेऊनच आला आहे. उलट ‘मेक हॅपी’ येथे साध्या नामाचे कर्म विशेषणानंतर सहसा येत नाही. म्हणजे क्रियापदाशेजारचे प्रत्येक विशेषण संयोग घडवीत नाही. काही थोडीच विशेषणे क्रियापदाशी एकजीव होतात. ‘मेक गुड’चा ‘भरपाई करणे’ हा अर्थ दोन शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, हे त्या एकजीवपणाचे दुसरे गमक होय.

जर्मन भाषेत ही जवळीक लिपीतही उमटली आहे. ‘आउफमाखेन’ मधील अव्यय आणि ‘फ्रायलासेन’ मधील विशेषण ही दोन्ही क्रियापदास जोडून लिहिली जातात व वाक्यात सारख्याच रीतीने सुटी होतात. इंग्रजीने हे शब्द अलग लिहिले. आणि लॅटिनच्या साच्यावर शब्दजाती ठरविणाऱ्या व्याकरणाने अव्यय एका कप्प्यात व विशेषण दुसऱ्या कप्प्यात टाकले. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअर्सल स्मिथ याने १९२५ मध्ये हेन्री ब्रॅडली याच्या सूचनेचा उल्लेख करून वापरली. पुढे ती रूढ झाली तीही मुख्यत्वे अव्ययांपुरतीच. व्यवहारात मात्र दोहोंचे काम किती समान आहे, हे सी. के. ऑग्डेनच्या १९३० मधील ‘बेसिक इंग्लिश’वरून दिसते. त्याच्या ८५० शब्दांत गुणवाचक शब्द १५० होते आणि क्रियापदे अगदी मोजकी होती. तेव्हा ‘एक्स्प्लेन’ऐवजी ‘मेक क्लिअर’ म्हणणे प्राप्तच झाले.

मराठी अभ्यासकास या प्रश्नाकडे पाहण्याची एक स्वतंत्र दृष्टी आहे. ‘मोकळे करणे’, ‘उघडे पाडणे’ हे आपले प्रयोग अर्थाने ‘सेट फ्री’ व ‘ले बेअर’ यांच्या निकटचे आहेत. परंतु आपण ‘गाय मोकळी केली’, ‘कैदी मोकळे केले’ असे म्हणतो. विशेषण कर्माशी जुळते व आपली जात सांगत राहते. इंग्रजीत ही खूण पुसली गेली, आणि पुसली गेली म्हणूनच विशेषण अव्ययाच्या जागी बसू शकले.

हा भेद केवळ नावाचा नाही. हे प्रयोग ‘वाक्प्रचार’ म्हणून यादीत घातले की विद्यार्थी ते एकेक पाठ करतो आणि सर्वनामाचे स्थान चुकवितो. तेच ते अव्यययुक्त क्रियापदांचे सगोत्र म्हणून शिकविले, तर एक नियम दोहोंस पुरतो. जॉन्सनने सांगितलेली अडचण खरी होती. तिची व्याप्ती मात्र त्याच्या उदाहरणांहून मोठी होती.