पत्र्याचा डबा आणि उद्याची मजुरी

कामगाराच्या हातात पडणारी मजुरी आणि मालकाच्या वहीत त्या कामगारापोटी लिहिला जाणारा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या उद्योगाइतका हा फरक क्वचितच कुठे स्पष्ट दिसतो.

एकोणिसाव्या शतकात खर्च होता तो कसबाचा. कारागीर हाताने पत्रा कापी, वळवी, सांध्याला शिसे-कथलाची झाळ लावी. बाल्टिमोरच्या फळे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत भरलेल्या डब्यावर झाकण झाळणाऱ्याला तर मोठाच मान होता. ऐन हंगामात त्याने हात आखडला की फळे ढिगाऱ्यात नासत, त्यामुळे तो मागेल तो दर द्यावा लागे. मालकांनी १८८०च्या दशकात झाळकामाची यंत्रे आणली, त्यामागे वेगाइतकीच या माणसाची अडवणूक मोडण्याची निकड होती असे मला वाटते. पुढे झाळीऐवजी दुहेरी दुमड देऊन झाकण बसवणारा डबा आला आणि त्या कसबाची गरजच उरली नाही.

१९०१ मध्ये शंभरावर कारखाने एकत्र करून अमेरिकन कॅन कंपनी उभी राहिली, १९०४ मध्ये कॉन्टिनेन्टल कॅन. पुढची काही दशके या दोघींचीच बाजारावर हुकमत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या कामगारांची वाटाघाट पोलाद कामगारांची बलाढ्य संघटना करू लागली आणि मजुरीचा अर्थ रुंदावला: आजारपणाचा विमा, निवृत्तिवेतन, भरपगारी रजा. १९६२ च्या करारात तर पंधरा वर्षे सेवा झालेल्या कामगाराला दर पाच वर्षांनी तेरा आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. प्राध्यापकांनी हेवा करावा अशी ही सवलत! तिच्यामागचा हेतू मात्र काम वाटून घेण्याचा होता. यंत्रे वाढत होती आणि माणसे कमी लागत होती.

सत्तरच्या दशकात तळ आणि अंग एकाच तुकड्यातून ओढलेला ॲल्युमिनियमचा डबा पसरला. जुन्या तीन तुकड्यांच्या डब्याचे कारखाने ओस पडू लागले. संघटनेनेही हे ओळखून करारात कलम घातले होते: वय आणि सेवा यांची ठरावीक बेरीज भरलेल्या कामगाराचे काम सुटले, तरी त्याला निवृत्तिवेतन लगेच सुरू व्हावे.

आता महाग होती ती कामगाराची उरलेली वर्षे. कॉन्टिनेन्टलने संगणकावर एक पद्धत बसवली. कोणत्या कारखान्यात कोणाचा हक्क अजून पिकलेला नाही हे ती दाखवी. अशांना हक्क पिकण्याआधी कमी करायचे आणि पुन्हा कामावर बोलवायचे नाही, असा बेत होता. तिचे सांकेतिक नाव 'बेल'. 'कामगारांचे लाभ आटोक्यात ठेवू' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे उलटी लावून ते केले होते. कारकुनी विनोदबुद्धीचा इतका क्रूर नमुना माझ्या तरी वाचनात नाही.

१९७४ च्या निवृत्तिवेतन कायद्याने असे वागणे गुन्हेगारी नव्हे, पण बेकायदा ठरवले होते. कामगार न्यायालयात गेले. १९८९ मध्ये न्यू जर्सीतील संघराज्य न्यायाधीश ली सारोकिन यांनी कंपनीला दोषी धरले आणि पुढच्या वर्षअखेरीस ४१.५ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. तोवर कामावरून कमी झालेल्यांपैकी अनेकांना दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.