घोड्याचा पाय का मोडतो?

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. देवाचे वाहनच घोडा, तेव्हा तिथल्या जनावरांच्या बाजारात घोड्याला मान असणारच. कंधार, मुखेड, नायगाव भागातल्या अनेक विद्यार्थ्यांनी हा बाजार पाहिलेला असेल. जाणते गिऱ्हाईक दात पाहून घोड्याचे वय ठरवते, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते पाहते आणि मग घोडा चालवून बघते. भोवऱ्यांचे सोडून देऊ. चालवून बघण्यात मात्र शहाणपण आहे. लंगडणारा घोडा चार पावलांत ओळखू येतो. पण ज्या घोड्याचा पाय उद्या शर्यतीत मोडणार आहे, तो आज बहुधा लंगडत नसतो. हे कळायला माणसाला फार काळ लागला.

मुंबईत भायखळ्याच्या मैदानावर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून शर्यती होत. आखातातून जहाजाने आलेले अरबी घोडे त्यांत धावत. १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान तयार झाले. याच सुमारास, १८७४ मध्ये, प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली आणि १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुढे १८९० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध देशभराचा कायदा आला. त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जनावराला मारहाण झाली तर ती रस्त्यावर, सार्वजनिक जागी किंवा रस्त्यावरच्या माणसाला दिसेल अशा ठिकाणी व्हायला हवी, अशी त्या कायद्याची भाषा होती. म्हणजे दिसेल तो छळ. चाबूक दिसतो, पाठीवरचे वळ दिसतात. हाडाच्या आत काय चालले आहे, ते दिसण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता.

खरे तर चौखूर उधळलेल्या घोड्याचे पायसुद्धा डोळ्याला नीट दिसत नाहीत. पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून घोडा हवेत तरंगतो, असे चित्रकार शतकानुशतके काढत आले. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज याने ओळीने कॅमेरे मांडून छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले की चारही पाय अधांतरी असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात.

त्या छायाचित्रांत आणखीही एक गोष्ट होती. प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की सगळा भार पुढच्या एकाच पायावर पडतो. पुढे मोजमापे झाली तेव्हा हा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भरला. पाचशे किलोच्या घोड्याला म्हणजे साधारण साडेबाराशे किलो. आणि तो पेलतो कोण? घोडा उभा असतो तो एकेका बोटावर. ज्याला आपण पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो, ते त्याचे मनगट. त्याखालची नळी म्हणजे आपल्या तळहातातल्या मधल्या हाडाचे लांबट रूप. तिथे मांसल स्नायू नाहीत, फक्त हाड आणि दोरखंडासारख्या शिरा. पाय हलका, म्हणून वेग. आणि म्हणूनच धोकाही.

वर्गात लोखंडी तारेचा तुकडा घ्या आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. पहिल्या वेळी तार तुटत नाही, पण दहा-वीस वेळांनंतर तुटते. नळीचे हाडही असेच थकते. प्रत्येक दौडीत त्यात सूक्ष्म भेगा पडतात. फरक एवढाच की हाड जिवंत असते, ते स्वतःची डागडुजी करते. पण डागडुजी करताना पेशी आधी जुने हाड कोरून काढतात आणि मग नवे भरतात. भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात तो भाग उलट अधिक कमकुवत असतो. त्यामुळे दीर्घ विश्रांतीनंतर घोड्याला एकदम जोरात पळवणेही घातक ठरते. कोवळ्या वयात बेताने पळवलेल्या घोड्याचे हाड मजबूत होते, हेही तितकेच खरे. तेव्हा ‘पळवूच नका’ असे हाड म्हणत नाही. ते हिशेब मागते.

हा हिशेब स्पष्ट व्हायला १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियात शर्यतीच्या मैदानांवर मरण पावणाऱ्या प्रत्येक घोड्याचे शवविच्छेदन सुरू झाले. तोवर खड्डा, ठेच किंवा नशीब यांच्यावर खापर फुटत असे. शवविच्छेदनात दिसले की बहुसंख्य घोड्यांच्या मोडलेल्या जागी जुनी भेग किंवा तिच्या डागडुजीची खूण आधीपासून होती. माझ्या मते घोड्यांच्या हिताच्या दृष्टीने चाबकावरच्या कोणत्याही नियमापेक्षा ही नोंद मोठी आहे.

मोडल्यावर इलाज का होत नाही? घोडा फार काळ आडवा राहू शकत नाही. भार दुसऱ्या पायांवर जातो आणि त्यांच्या खुरांचे आतले थर सुटू लागतात. बार्बारो या नामांकित घोड्याचा मागचा पाय मे २००६ मध्ये शर्यतीत मोडला. सत्तावीस स्क्रू घालून हाड बसवले, पण इतर खूर निकामी झाले आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

आपल्याकडे, मराठवाड्यात आणि विदर्भात, शर्यत म्हणजे मुख्यतः शंकरपट. बैलाचे अंग पळण्यासाठी घडलेले नाही, हे एक कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. काठी-चाबूक नको, विजेचा धक्का नको, धाव एक हजार मीटरपेक्षा अधिक नको, असे नियम आहेत. ते हवेतच. पण ते एका दिवसाच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या धावेचे आहेत. बैलाचे हाडही घोड्याच्या हाडासारखेच जिवंत, तसेच कोरून भरणारे. महिन्याभरात तो किती पटांवर जोराने पळाला, मधे किती दिवस गोठ्यात बांधून होता, मुरमाड जमिनीवर पळाला की काळ्या रानात, हे मालकाला तोंडपाठ असते. पट सुरू होण्याआधी जनावर तपासणाऱ्या पशुवैद्याने एवढे तीन प्रश्न विचारून उत्तरे वहीत मांडायला कसलेही यंत्र लागत नाही.