पिसांचा बॉल आणि सराव

स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजला ॲलन रॉबर्टसन या कारागिराच्या स्वयंपाकघरात १८४४ साली गोल्फचे २,४५६ बॉल तयार झाले. त्या काळच्या मानाने हे प्रचंड काम होतं. कातड्याचे तुकडे शिवून पिशवी करायची, ती उलटायची, बारीक भोक ठेवायचं आणि त्यातून टोपीभर उकडलेली पिसं ठासायची. हाताचा जोर कमी पडू लागला की लोखंडी सळईच्या आडव्या मुठीवर छाती टेकवून सगळं वजन टाकायचं. ओलं कातडं वाळताना आक्रसतं, आतली पिसं फुलतात, म्हणून बॉल दगडासारखा टणक होतो. चांगला कारागीर दिवसाला तीन-चार बॉल करी. पिसांची धूळ कायम नाकातोंडात जाई, त्यामुळे छातीचे विकार या धंद्याच्या पाचवीलाच पुजलेले.

त्यात स्कॉटलंडात गोल्फ हा मुख्यतः थंडीचा खेळ. उन्हाळ्यात समुद्रकाठचं गवत माजायचं आणि मेंढ्या-ससे खातील तेवढंच ते कमी व्हायचं. म्हणजे हंगाम नेमका ओलीचा, आणि हा बॉल भिजला की जड होई, शिवण उसवे. लोखंडी टोकाचा एक फटका चुकीचा बसला तरी कातडं फाटे. एका डावात एकाहून जास्त बॉल कामी येत. अशा महागड्या वस्तूवर कुठला हौशी माणूस उगाच शंभर फटके मारील? तो थेट सामन्यालाच उतरे. जे काही शिकायचं ते पैज लावून, चारचौघांसमोर.

आमच्याकडे पुण्यात हंगाम पाऊस ओसरल्यावर सुरू होतो. ऑक्टोबरात मी रेंजवर बादलीभर बॉल घेऊन बसतो आणि एकाच वेजने पन्नास यार्डांचा फटका मारत राहतो, कारण माझ्या कार्डावरची भोकं तिथेच पडतात. ड्रायव्हरला हात नंतर. बॉल आखूड पडला की दुसरा पुढे ओढायचा, मनगट जरा सैल ठेवायचं, पुन्हा मारायचं. माझं ठाम मत आहे की आम्हा हौशी लोकांना ही चुकायची मुभा गट्टापर्चाने दिली. कुठल्याही गुरूचं आपल्यावर एवढं ऋण नाही.

गट्टापर्चा म्हणजे मलायातल्या झाडाचा चीक. रूट कॅनाल केलेल्या दातात दंतवैद्य भरतात तोच. गरम पाण्यात मऊ होतो, हाताने वळता येतो, गार झाला की घट्ट. १८४८ च्या सुमारास त्याचे बॉल आले आणि किंमत एकदम उतरली. रॉबर्टसनला यात धंदा बुडताना दिसला. झुडपांत सापडलेले गट्टापर्चाचे, म्हणजे गट्टीचे, बॉल विकत घेऊन तो जाळून टाकी. त्याच्याच हाताखालचा टॉम मॉरिस एकदा नवा बॉल खेळताना त्याला दिसला आणि दोघांचं फाटलं. १८५१ मध्ये टॉम प्रेस्टविकला गेला. मला रॉबर्टसनचा राग येत नाही. छाती झिजवून कमावलेली विद्या कुणी मुकाट्याने कशी सोडील?

नव्या बॉलची एक खोड होती. कोरा करकरीत असला की तो हवेत मध्येच गोता खाई. आयर्नचे घाव बसून ओरखडे पडले की मात्र सरळ आणि लांब जाई. ते पाहून कारागीर हातोडीने आधीच खुणा पाडू लागले. आजच्या बॉलवरच्या खळ्यांचा उगम तो. कडाक्याच्या थंडीत बॉल फुटला तर सर्वांत मोठा तुकडा जिथे पडेल तिथून पुढे खेळायचं, असा नियमच होता. ठोकून ठोकून विद्रूप झालेला बॉल मात्र वाया जात नसे; उकळत्या पाण्यात टाकून पुन्हा वळायचा.

कारकून, दुकानदार, शाळकरी पोरं हळूहळू खेळात आली ती यानंतर. १८६० ची पहिली ओपन स्पर्धा आठ व्यावसायिकांची होती; पुढल्याच वर्षी ती हौशींनाही खुली झाली. होयलेकच्या मैदानालगत वाढलेला जॉन बॉल याच गट्टीवर तयार झाला. १८७८ ची ओपन तो सोळाव्या वर्षी खेळला आणि १८९० मध्ये प्रेस्टविकलाच ती जिंकणारा पहिला हौशी ठरला. हौशींची ब्रिटिश स्पर्धा तर त्याने आठ वेळा जिंकली. आयुष्यभर तो हौशीच राहिला, याचं मला फार अप्रूप आहे.

या इतिहासात मुंबईचाही एक धागा आहे. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गोल्फ क्लबाने सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाला चांदीचं पदक पाठवलं, आणि वसंतातल्या मेळाव्यात सभासद त्यासाठी खेळू लागले. मुंबईकर गोऱ्यांच्या पिशव्यांत तेव्हा पिसांचेच बॉल असणार; आणि गट्टापर्चाचा चीक देणारी झाडं त्यांना स्कॉटलंडपेक्षा कितीतरी जवळ होती.