टर्मिनलची ओळख आणि ‘बऱ्हाणपूर’ची कसोटी

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेले अरबी व संस्कृत असे दोन्ही लेख आहेत. दगडावरचे अक्षर वाचक बदलला तरी तसेच राहते. संगणकाच्या पडद्यावरचे अक्षर मात्र टर्मिनलगणिक बदलते. म्हणून अनेक संगणकांवर चालवायच्या शेल स्क्रिप्टने आपण कोठे लिहीत आहोत, हे आधी ओळखावे लागते.

आजचे टर्मिनल म्हणजे १९७८ च्या ‘व्हीटी-१००’सारख्या यंत्रांची नक्कल होय. रंग, ठळकपणा यांसाठी मजकुरात संकेत मिसळले जातात. ते पडद्यावर दिसत नाहीत. फाइलमध्ये मात्र तसेच राहतात. मग यादीत ‘बऱ्हाणपूर’ डोळ्यांना दिसते, पण ओळीच्या आरंभी हे नाव शोधणाऱ्या आज्ञेला ते सापडत नाही.

म्हणून पहिली तपासणी: आउटपुट टर्मिनलकडे जात आहे की फाइलकडे? ‘टेस्ट -टी १’ ही आज्ञा याचे उत्तर देते. उत्तर नकारार्थी असल्यास रंग वर्ज्य.

दुसरी तपासणी ‘टर्म’ या चलाची. त्याचे मूल्य रिकामे किंवा ‘डम्ब’ असल्यास साधा मजकूर द्यावा. एरवी ‘टीपुट कलर्स’ने रंगांची संख्या विचारावी. वापरकर्त्याने ‘नो_कलर’ हे चल ठेवले असेल, तर त्याची इच्छा प्रमाण मानावी.

तिसरी तपासणी प्रणालीची. ‘यूनेम -एस’ लिनक्सवर ‘लिनक्स’, तर मॅकवर ‘डार्विन’ सांगते. मात्र प्रणाली म्हणजे टर्मिनल नव्हे. मॅकवरून एसएसएचद्वारे लिनक्स सर्व्हरवर गेल्यास उत्तर ‘लिनक्स’ येते. पडदा मॅकचाच असतो. ‘टर्म’चे मूल्य सोबत जाते, ‘टर्म_प्रोग्रॅम’चे सहसा जात नाही.

चौथी तपासणी लिपीची. ‘एलसी_ऑल’, ‘एलसी_सीटाइप’ व ‘लँग’ यांपैकी या क्रमाने जे पहिले भरलेले असेल, ते लागू होते. त्यात यूटीएफ-८ नसल्यास देवनागरी पाठवू नये.

येथे ‘बऱ्हाणपूर’ हीच उत्तम कसोटी ठरते. डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र नऊ संकेत आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन याप्रमाणे सत्तावीस बाइट. त्यातील ‘ऱ्ह’ हा ऱ, हलन्त चिन्ह आणि ह यांच्या संयोगातून घडतो. टर्मिनलचा पडदा समान चौकटींत विभागलेला असल्याने काही ठिकाणी हा संयोग तुटतो आणि स्तंभ सरकतात.

अक्षरे जुळून दिसली की नाही, हे कोणतेही चल सांगत नाही. त्यामुळे मराठी मजकूर मोकळ्या जागा मोजून स्तंभांत बसवू नये, आणि भाषा व रंग निवडण्याचा पर्याय वापरकर्त्याच्या हाती ठेवावा. स्क्रिप्टचा अंदाज आणि वापरकर्त्याचे सांगणे यांत विरोध आल्यास सांगणेच ग्राह्य धरावे.